शेरूचा केक

विटा, ९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार

आज शेरूचा वाढदिवस. दरवर्षी हे हौसेने करायचे आणि मी म्हणायची, कुत्र्याचे कसले लाड! हे जाऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून शेरू जेमतेम पाणी पितो. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर आठवडा काढणार नाही.

म्हणून मीच केक केला. कणीक, अंडं, किसलेलं गाजर. साखर, चॉकलेट, मनुका असं त्याला बाधणारं काही घातलं नाही. कुकरची शिट्टी काढून वाळूवर भाजला. भांडी घासता घासता शेवंता म्हणाली, "आवं बाई, माझ्या नातवाला कवा केक मिळाला न्हाई!" तिलाही तुकडा दिला. "लय अळणी हाय," म्हणाली.

शेरूने नुसता हुंगला. मग आठवलं. यांनी त्याला पलटणीतली शिस्त लावली होती, हुकमाशिवाय घास नाही. इतके दिवस कसं सुचलं नाही मला? अगदी यांच्यासारखं दरडावून म्हटलं, "जवान, खाना शुरू!"

शेरू ताडकन उठला. केक ओलांडून, शेपटी हलवत फाटकाशी गेला आणि रस्त्याकडे बघत बसला. अजून तिथेच आहे. कशाला म्हटलं मी ते? त्याला आत ये म्हणवत नाही.