छान नासलेली नळी

आई,
लांबूनच पाया पडते.

स्मृतिभ्रंशात मेंदूत होतात त्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ न देणारं आमचं औषध अखेर लागू पडलं, निदान काचेच्या नळीत तरी. मागच्या वेळी बिनऔषधाची नळीही नितळच राहिली होती. तिच्याकडे न बघता, औषधाची नळी नितळ दिसताच मी गावभर सांगून मोकळी झाले, मग कळलं की नळ्या हलवणारं यंत्र चालूच केलं नव्हतं. न हलवता गुठळ्या होतील कशा?

या वेळी बिनऔषधाची नळी दुधासारखी छान नासली आणि औषधाची तेवढी नितळ राहिली. जीव भांड्यात पडला.

माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील, म्हणून बाबांना एवढ्यात सांगू नकोस. फोनवर ते मला अहो-जाहो करत होते. थट्टा करतात, असं तू म्हणालीस.

तुझीही करतात का गं अशी थट्टा?

तुझी धाकटी