पाच नळ्या, एक माणूस

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचे हात थरथरवणारं जनुक तू जगात पहिल्यांदा शोधलंस, मान्य. पण ते आपल्यात कोणाकोणात उतरलंय हे बघायला सगळ्यांची थुंकी गोळा करायचं काम मला का? थोरल्या काकांनी तोंडावर दार लावलं. आत्या म्हणाली, तीस वर्षं प्रयोगशाळेत माश्यांचे डोळे मोजून हिचं भागलं नाही का? तिच्या दोन्ही मुलांनी तिचीच री ओढली.

तरी पाचही नळ्या भरून पाठवतोय. माझा निकाल मात्र मला कळवू नकोस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं आपले हात किती वर्षं चालणार हे जाणून काय करायचं?

लोभ आहेच, नळ्या पुरे.

तुझा भाऊ

दि. २९ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद राग ओसरल्यावर.

पाच नळ्यांत एकच माणूस निघाला. यंत्र बिघडलं समजून मदतनीस मुलीला बोलले, तिला सगळं पुन्हा करायला लावलं. मग आत्याच्या नळीत पुरुष निघाला. गाढवा, सगळीकडे तूच थुंकलास ना? जग माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवतं आणि सख्खा भाऊ डोळ्यांत धूळ फेकतो. अजून थुंकी कोणाची एवढंच पाहिलंय, जनुक उद्या तपासेन. नव्या पाच नळ्या पाठवतेय.

लोभाचं नंतर बघू.

ताई

दि. ३ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मनावर घेऊ नकोस. सगळा भार तुझ्यावर टाकला, चूक माझीच. नळ्या राहू देत. दुकानात फार वेळ बसू नकोस, जेवण वेळेवर घे. मी महिनाभर रजा टाकली आहे, येतेच. माझा तुझ्यावर फार जीव आहे, हे कधी लिहिलं नव्हतं.

तुझी ताई

दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस म्हटलं होतं, आणि तू सगळंच कळवलंस. बाबा गेले तेव्हाही दोन दिवसांपलीकडे रजा न घेणारी बाई महिनाभर येते, म्हणजे काय ते मला समजणार नाही? एवढी शिकलीस, पण खोटं रागावता येत नाही तुला.

दोन दिवस दुकान उघडलं नाही. फार भीती वाटली. मग काकांच्या पायरीवर जाऊन बसलो आणि खरं ते सांगितलं. काका, आत्या, तिची मुलं, सगळ्यांनी माझ्यासमोर नळ्या भरल्या. माझ्या नळीवरची चिठ्ठी बदलली आहे. त्यात लेकीची थुंकी आहे. ती वीस वर्षांची आहे, तिचा निकाल तिलाच विचारून कळव.

रजा रद्द कर. तू इथे येऊन माझे हात धरून बसलीस, तर तिच्या हातांसाठी औषध कोण शोधणार?

जीव आहे हे कळलं. आता नेहमीसारखी रागाव.

तुझा भाऊ