मेस्त्रीणबाई

अहो,

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. तुम्हाला मात्र अर्धाच, कारण डॉक्टर नको म्हणत असताना लढाईत जायबंदी झालेला पाय घेऊन घरभर हिंडता, असं सासूबाईंनीच कळवलंय.

मी मजेत आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्याजणी तळघरात जातो. तिथे माझी झोप उलट छान होते.

आता बातमी. कारखान्यातल्या लेथवरच्या सगळ्या बायका कालपासून माझ्या हाताखाली आल्या. सकाळी कुणीतरी "मेस्त्रीणबाई!" अशी हाक मारली आणि मी सवयीनं ओरडले, "मेस्त्री घरी नाहीत!" सगळ्या पोट धरून हसल्या. घरी तुम्ही मेस्त्री म्हणून मी मेस्त्रीणबाई. इथे तुम्हाला कोण ओळखतंय!

लढाई संपली की बायकांना घरी धाडणार म्हणतात. लढाई संपावी, हे तर मी रोजच मागते. पुढचं पुढे.

लेकीच्या वेण्या तुम्हीच घालता म्हणे? घट्ट घाला, तिच्या रडण्याला फसू नका. आणि पायाचं खरं काय ते लिहा.

पाय बरा झाला की इकडेच या. एक लेथ रिकामा आहे. हाताखाली घेईन, पण वशिला चालणार नाही.

तुमची, आणि आता स्वतःचीही,
मेस्त्रीणबाई