पाडव्याची ओवाळणी

दिवाळी पाडवा, संध्याकाळ. ठाकुर्ली, माहेरी.

निनाद अजून माझ्याशी बोललेला नाही. गॅलरीत उभा आहे. बाबांनी दिलेली बॅग पलंगावर तशीच.

लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणून आज आमचा दिवाळसण. त्याची घोडबंदर रोडची नोकरी जाऊन तीन आठवडे झाले. तरी रोज डबा घेऊन निघतो आणि लायब्ररीत माझ्या शेजारी बसतो, मी एम.ए.च्या नोट्स काढते तिथेच. माहेरी कळू द्यायचं नाही, हे मी कबूल केलेलं. पण दुपारी बाबांनी ती ऑफिसची बॅग पुढे केली. "जावईबापू, आयकार्डाला वेगळा कप्पा आहे बघा." माझ्या बी.ए.च्या निकालाला दिसलेला त्यांचा तोच अभिमानाचा चेहरा. घरातली पहिली पदवीधर मी, आणि मीच त्यांना फसवत होते.

ओवाळताना निनाद हळूच म्हणाला, "काय देऊ? तूच माग."

"बाबांना खरं सांग."

"आत्ता? वेडी आहेस का?"

मी तबक खाली ठेवलंच नाही. आई हसली, "अगं, सोनं मागितलंस की काय? हात भरून येईल."

शेवटी त्याने सांगितलं. बाबा बराच वेळ त्या कप्प्याची चेन उघडत, लावत राहिले. मग म्हणाले, "मुलाखतीलाही बॅग लागतेच."

हे एकट्यात मागता आलं नसतं का मला? खऱ्याचा हट्ट माझा, मान खाली गेली ती त्याची. तो कप्पा अर्धा उघडाच राहिलाय. लावायला हात धजत नाही.