चिठ्ठीतले पाच प्रश्न

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पडद्यांचं दुकान बंद होऊन पाच आठवडे झाले. सतरा वर्षं लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली, एक पडदा आखूड पडला नाही. (एक पडला होता, पण त्या घराची फरशीच उतरती होती.) अशा माणसाला नोकरी शोधावी लागत नाही, ती शोधत येते. सध्या वाटेत असावी.

गुरुवारी इंटरव्ह्यू. पडदे आणि ब्लाइंड्सची मोठी कंपनी. हिने पाच प्रश्नांची चिठ्ठी लिहून दिलीय. १. पगार हातात किती येणार? २. सुटायची वेळ? ३. रविवारची सुट्टी खरंच मिळते का? ४. जादा थांबलं तर जादा पैसे? ५. मापं घ्यायला जायचं ते कुणाच्या पेट्रोलने? मी म्हटलं, चिठ्ठी कशाला, मी काय शाळेत जातोय? तर म्हणते, आधीच्या दुकानात आपल्याला रजा असते हे तुम्हाला बाराव्या वर्षी कळलं. ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. तेव्हा सुचलं नाही.

ही सकाळी शाळेच्या ऑफिसात असते. पाच ते साडेआठ लॅबच्या काउंटरवर, रक्ताचे रिपोर्ट द्यायला. पाय सुजतात. बसून बसून सुजतात असं माझं मत. डॉक्टर म्हणाले, एक नोकरी सोडा. ठरलंय असं: माझा पगार आधीइतका असेल आणि मी वेळेवर घरी येणार असेन, तर ही लॅब सोडणार. म्हणजे प्रश्न विचारायलाच हवेत. विचारणार.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ८

मान ताठ, प्रश्न पाच. आरशासमोर तीनदा म्हणून झाले. आवाज चांगला लागला.

दुपारी ३

इंटरव्ह्यू फर्स्ट क्लास. मालक स्वतः होते. शेवटी म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का? खिशात हात घातला. चिठ्ठी बोटाला लागली. तेवढ्यात त्यांच्या मागच्या खिडकीवर नजर गेली आणि तोंडातून निघालं, ही सव्वासहा बाय चार का हो? मालकांनी टेप मागवली. मोजली. सव्वासहा बाय चार. म्हणाले, सोमवारपासून या. पगाराचं म्हणाले, बघू, तुमचं मन राखू.

आता जो माणूस मन राखतो म्हणतो, त्याला पेट्रोलचं कसं विचारायचं? आपल्यावर तसे संस्कार नाहीत.

रात्री

ही नऊला आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, विचारलंत का? मी म्हटलं, पाचही. मग उत्तरं विचारली. ती जागच्या जागी तयार केली. पगार आधीइतका, वर थोडा. सहाला सुटका. रविवार पक्का. जादाचे वेगळे. पेट्रोल त्यांचं. ही दारातच खाली बसली आणि हसली. बऱ्याच दिवसांत अशी हसली नव्हती. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळालो.

पण हे खोटं नव्हे, अंदाज आहे. आणि माझे अंदाज चुकत नाहीत, आज मालकांनी टेप लावून पाहिलं. ही म्हणाली, कंपनीचा नंबर फ्रिजवर चिकटवा, घरात असलेला बरा. चिकटवला.

७ मार्च, शुक्रवार

निर्धार: हिने लॅबमध्ये राजीनामा द्यायच्या आत फोन करून सगळं विचारून घ्यायचं. अकराला वाटलं, मालक चहा घेत असतील. एकला जेवत असतील. दोनला माणूस जरा टेकतो. चारला लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला. मी विचारलं, सोमवारी कोणत्या दाराने यायचं? ती म्हणाली, दार एकच आहे. आणि हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

रात्री हिला लॅबचं विचारलं. म्हणाली, झालं बोलून. झालं म्हणजे झालं. आता तिच्या पायांची जबाबदारी माझ्यावर. जेवण गेलं नाही.

१० मार्च, सोमवार

पहिला दिवस. सहाला कुणी हललं नाही. साडेसहाला मी टेप गुंडाळली तर कटर म्हणाले, कुठे? हे कापड कापणारे वयस्कर गृहस्थ, चष्म्याला दोरी. मी म्हटलं, घरी. ते हसलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. मग त्यांनी माहिती दिली. सुट्टी साडेआठला. रविवारी ऑर्डर असेल तर यायचं. ऑर्डर असतेच. गाडी आपली, पेट्रोल आपलं. जादाच्या पैशांचं विचारलं तर ते कात्रीला धार लावायला गेले. पगार म्हणे महिना संपला की कळतो. मी म्हटलं, तुम्ही आधी विचारलं नव्हतं? म्हणाले, विचारणार होतो. अकरा वर्षं झाली.

घरी सव्वानऊला. हिला सांगितलं, पहिल्या आठवड्यात ट्रेनिंग असतं. पडद्यांचं? म्हणाली. मी म्हटलं, नवीन मशिनं आहेत. ही गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हटलं, आता लॅब नाही तरी? म्हणाली, सवय लागलीय. पटलं. दुकान बंद झाल्यावर मीपण आठवडाभर साडेनऊला भांग पाडून बसत होतो.

१६ मार्च, रविवार

कामावर. हिला सांगितलं, सगळ्या स्टाफची ओळख आहे. तिने मुकाट्याने डबा दिला. एवढ्या ओळखीला डबा कशाला, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ती चिठ्ठी. म्हणाली, असू द्या, उपयोगी पडेल. विचारून झालेल्या प्रश्नांचा काय उपयोग, असं म्हणणार होतो. चिठ्ठी परत खिशात सारली.

२२ मार्च, शनिवार

लॅबचा पांढरा कोट दोरीवर. हिला विचारलं. म्हणाली, परत करायचाय, धुऊन द्यावा. बाई टापटिपीची. त्या कोटाची ही पाचवी धुलाई, तरी तिचं समाधान नाही.

आज माझा पडदा तीन इंच आखूड पडला. फरशी सपाट होती. मनात खोट असली की हात सरळ चालत नाही. मालक म्हणाले, पगारातून बघू. कोणत्या पगारातून, असं विचारायची इतकी सुंदर संधी परत येणार नाही. मी म्हटलं, हो सर.

३१ मार्च, सोमवार

पगाराचं पाकीट. जिन्यात उघडलं. नीट बंद करून पुन्हा उघडलं. तीनच आठवडे भरले हे धरूनही आधीच्या पगारापेक्षा एक तृतीयांश कमी. आत एक कागदपण होता, हिशेबाचा असावा. वाचला नाही, उगाच जखमेवर मीठ. दुकान बंद होताना मिळालेल्या पैशांतून भर घातली आणि पाकीट हिच्या हातात दिलं.

हिने मोजलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, दमलात. ओरडली असती तर मी तोंड दिलं असतं. दमलात म्हटल्यावर काय करायचं? बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

३ एप्रिल, गुरुवार

बस झालं. उद्या मालकांसमोर चिठ्ठी काढायची आणि वाचायची. बोलायला धीर लागतो, वाचायला नुसता चष्मा. हिला आधी खरं सांगावं का? नको. आधी उत्तरं आणू. उत्तरं चांगली आली तर सांगायची वेळच येणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी २

वाचली.

एका दमात, वर न बघता. पगार, वेळ, रविवार, जादा, पेट्रोल. प्रश्न मला तोंडपाठ, पण एकदा वाचायला लागलेला माणूस वाचतच जातो. पाचव्याखाली सहावा होता. तोपण मोठ्याने वाचला. सहा, मला खरं कधी सांगणार?

अक्षर हिचंच. शाई नवी.

मालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, पहिल्या पाचांची उत्तरं मी दिलीत की, सात मार्चला सकाळीच. तुमच्या घरून बाईंचा फोन आला होता. तीन मिनिटांत पाचही विचारून मोकळ्या झाल्या. पेट्रोल आम्ही कुणाला देत नाही, पण त्या हटेनात, म्हणून तुम्हाला निम्मं लावलंय. पाकिटातल्या कागदावर आहे, वाचला नाहीत? सहाव्याबद्दल मात्र मला काही कल्पना नाही, म्हणाले.

मी म्हटलं, थँक्यू सर.

रात्री १०

सहाला टेप गुंडाळून निघालो. कुणी अडवलं नाही. कटर बघत राहिले.

सरळ लॅबवर गेलो. ही काउंटरच्या मागे. पांढरा कोट. माझ्यापुढे पाच माणसं, रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर तिने खाली बघतच विचारलं, पेशंटचं नाव? मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि सांगून टाकलं. एकही प्रश्न विचारला नव्हता. एकाचंही उत्तर खरं नव्हतं. पाकिटात मी भर घातली होती. मागून कुणीतरी म्हणालं, जरा लवकर आटपा.

हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मला फोनवर कळलं त्याच दिवशी, म्हणून लॅब सोडली नाही. रोज वाटायचं, आज सांगतील. एवढंच म्हणाली. डोळे पुसले आणि मागच्यांना पुढे यायला सांगितलं. मला म्हणाली, साडेआठला सुटते, तोवर तिथे बसा.

बसलो. पेशंटांसाठी सहा खुर्च्या आहेत. काउंटरच्या मागे एकही नाही. साडेआठपर्यंत ती या पायावरून त्या पायावर भार देत उभीच होती. चार वर्षं ती इथे येते. मी कधी विचारलं नव्हतं.