निर्णय आरतीचाच

१ जून, रविवार
आमच्या आरतीची दोन्हीकडे निवड झाली. एक शहरातलं विद्यापीठ. दुसरं डोंगरातलं निवासी कॉलेज, जिथे इतिहासासोबत भौतिकशास्त्रही घेता येतं आणि प्राध्यापक म्हणे मुलांच्या पंक्तीला जेवायला बसतात. या वहीपुरती नावं: मोठं आणि छोटं. छोट्याला वीस तारखेपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा गेली.
मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. घरात लोकशाही नसेल तर वर्गात कोणत्या तोंडाने बोलायचं? संकल्प: निर्णय आरतीचाच. मी तटस्थ. मला स्वतःला मोठं बरं वाटतं, पण हे कुणाला कळता कामा नये.

२ जून
जेवताना मोठ्याच्या लायब्ररीचा विषय निघाला. मीच काढला. तीनदा. तटस्थ असणं म्हणजे माहिती दडवणं नव्हे. उद्या छोट्याबद्दलही तितकंच बोलायचं.

३ जून
बोललो. 'तिकडे साप असतील,' एवढंच सुचलं.

४ जून
आरती दिवसभर शेवगावला, मैत्रिणीकडे. जाताना नारळ घेऊन गेली. हल्लीच्या मुली मैत्रिणीकडेही रिकाम्या हाताने जात नाहीत. संस्कार.
ज्योती म्हणाली, "अहो, आरतीला विचारलंत का एकदा?"
नाही विचारलं. मुद्दामच. बापाने विचारणं हासुद्धा एक दबाव असतो. हे ज्योतीला समजावून सांगितलं. ती भांडी लावत राहिली.

६ जून
वडीलधाऱ्यांना विचारणं भाग आहे. आमच्याकडे ज्याला विचारलं नाही तो पुढची दहा लग्नं ते बोलून दाखवतो. म्हणून ज्योतीच्या भावाला, गोरक्षला, फोन लावला. त्याचं शेवगावात खतांचं दुकान आहे. सविस्तर तुलना मांडली. तो म्हणाला, "दाजी, ते समदं ऱ्हाऊ द्या. गादी कॉलेजवाले देत्यात का आपण न्यायची?"
व्यवहारी माणसांची हीच मर्यादा. मुद्दा सोडून गादी.
फोन ठेवल्यावर ज्योतीने विचारलं, "तात्यांच्या आधी माझ्या भावाला विचारलंत?"
घात झाला. कारभारी तात्या माझे थोरले चुलते, घराण्यात सगळ्यांत वडील. पहिला मान त्यांचा.

७ जून
तात्या फोन उचलत नाहीत. रुसले.

९ जून
अजूनही नाही. त्यांची कॉलर ट्यून मला तोंडपाठ झाली. आता तात्यांचा शब्द आल्याशिवाय काही ठरवता येणार नाही, नाहीतर ते आरतीच्या लग्नालाही येणार नाहीत. पित्त वाढलंय. संकल्प: चहा बंद.

१० जून
चहा सुरू. दूध नासलं असतं.

१२ जून
रजा टाकून साळूआत्याकडे गेलो. राळेगणच्या अलीकडे मळ्यात राहते. आत्याने मध्ये पडून तात्यांचा राग काढावा, हा हेतू. आत्या ओट्यावर गोधडी शिवत होती. जूनमध्ये. म्हटलं, एवढ्या उकाड्यात कुणाला गोधडी? म्हणाली, "डोंगरात थंडी लई आसती, बाबा."
म्हणजे आत्याचा कल छोट्याकडे. अशा वेळी दुसरी बाजूही कळायला हवी, म्हणून मोठ्याबद्दल तासभर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजी लेक तुज्यावानी न्हाई, लई बरं झालं." याचा अर्थ लागला नाही. आरती शांत आहे, असं म्हणायचं असेल.
तात्यांचं नाव काढताच आत्या म्हशीकडे गेली.

१५ जून
शेवगाव. गोरक्षला बरोबर घेऊन तात्यांच्या वस्तीवर गेलो. आमची गाडी दिसताच तात्या उसात शिरले. सत्त्याहत्तराव्या वर्षी. हाका मारल्या. आतून आवाज आला, "घरी न्हाई मी!"
गोरक्ष बांधावर बसून पोट धरून हसत होता. यात हसण्यासारखं काय? एका मुलीचं भविष्य उसात अडकलंय.

१८ जून
झोप नाही. मी एक फोन चुकीच्या क्रमाने केला आणि त्यापायी पोरीची जागा जाणार. माझ्या मनात मोठं होतं म्हणूनच हात आपोआप चुकला असेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर, असेल.

१९ जून, संध्याकाळ
शेवटी धीर करून आरतीला बोलावलं. म्हटलं, तात्यांचा होकार नाही, तरी जबाबदारी मी घेतो. उद्या शेवटची तारीख. सांग.
ती म्हणाली, "पप्पा, मी पाच तारखेलाच छोट्याला होकार कळवला."
चार तारखेला ती तात्यांकडे गेली होती. नारळ घेऊन, पहिला मान त्यांचा म्हणून. मग गोरक्ष, मग आत्या. सगळं क्रमाने. पप्पांना इतक्यात सांगू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तात्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते फोन उचलत नव्हते.
म्हटलं, मलाच का नाही सांगितलं?
"तुम्ही विचाराल याची वाट बघत होते."
जेवलो नाही.

२० जून
सगळ्या नगर जिल्ह्याला विचारलं, बापाला नाही. तात्यांचा फोन चार वेळा आला. उचलला नाही.

२२ जून, रविवार
सकाळी तात्या सावेडीत आमच्या दारात हजर. एसटीने आले. धोतर त्या दिवशी उसात फाटलेलं, तेच. खुर्चीवर न बसता माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "राधाकिसना, चुकलं आमचं. तुला इचारायला पायजे हुतं. आता इचारतो. पोरीला त्या डोंगरातल्या कॉलेजात घालावं म्हंतो. तुजं काय मत हाय?"
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. पण एवढा मोठा प्रश्न, घाईने उत्तर देणं बरोबर नाही. दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या पाहिजेत. म्हटलं, तात्या, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो.
तात्या म्हणाले, "सांग की सवडीनं."
आतल्या खोलीत आरती आणि ज्योती आत्याची गोधडी दोरीने बांधत होत्या. गाठ बसेना, म्हणून आरतीने मला हाक मारली. गाठीवर बोट धरायला.