बंद नंबरावर तीन फोन

मंगळवार, ११ मार्च. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. जेवणाची सुट्टी, ऑफिसचा मागचा जिना.

प्रिय ताई,

डबा अर्धा टाकून लिहायला बसलो आहे. तुझं पत्र काल मिळालं. 'तुझ्याच कंपनीशी भांडून तुझ्या पोटावर पाय कशाला आणू? नंबर सोडून देते आणि एक तारखेपासून कपड्यांच्या कारखान्यात जाते,' हे तू भाजी आणायला निघाल्यासारखं लिहिलं आहेस. वाचून मला तुझा राग आला. मग कळलं की राग तुझा नव्हे.

अकरा वर्षं तू शिलाई मशीनं दुरुस्त करते आहेस. गावातल्या निम्म्या मशीनांच्या पोटाशी तुझी पिवळी चिठ्ठी चिकटलेली आहे आणि तिच्यावर दुकानाचा नंबर आहे. मी नववीतून शाळा सोडली त्या उन्हाळ्यात त्या चिठ्ठ्या माझ्याकडूनच लिहून घेतल्या होत्यास. 'दुरुस्ती'तला रु दीर्घ काढला म्हणून चाळीस पुन्हा लिहायला लावल्यास. गिऱ्हाईक हाताआधी अक्षर बघतं, म्हणालीस. आता तो नंबर एकशे नव्वद दिवस मुका आहे. मशीन अडलं की लोक चिठ्ठी बघून फोन लावतात, फोन लागत नाही, आणि ते नाक्यावरच्या त्या तोंडाळ मिस्त्रीला बोलावतात. ताई बसली बहुतेक, असं तो सांगत फिरतो हे तूच लिहिलं होतंस, आणि वर हसली होतीस. दुसऱ्या कंपनीत नंबर नेऊ म्हटलं तर आधी बाकी भरा. बाकी कशाची, तर बंद फोनच्या बिलाची.

तू मला नेहमी विचारतेस की तुझं काम नेमकं काय. मी 'तक्रारींचं' एवढंच म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो. ग्राहकांच्या तक्रारींसाठी एक सरकारमान्य निवाडा योजना आहे. पूर्वी तिच्यात जायचं की नाही हे फोन कंपन्यांच्या मर्जीवर होतं आणि आमची कंपनी अर्थातच गेली नव्हती. गेल्या वर्षी कायदा झाला आणि सगळ्यांना सक्ती झाली. आता कुठलीही तक्रार छप्पन्न दिवस सुटली नाही, तर ग्राहक थेट योजनेकडे जाऊ शकतो. तिथे कंपनीचा माणूस नसतो, आणि निकाल काहीही लागो, प्रत्येक तक्रारीमागे कंपनीला फी भरावी लागते. आम्हाला वाटलं, आता तरी लाइनमन वाढवतील. वाढवले ते आम्ही, टेबलावर बसून फोन लावणारे.

आमचं काम असं. तक्रार पन्नास दिवसांच्या आसपास आली की ग्राहकाला तीन वेळा फोन करायचा. तिन्ही वेळा उचलला नाही, तर 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तक्रार बंद करायची. ग्राहक पुन्हा तक्रार करतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. आणि फोन कुठे करायचा? ज्या नंबराची तक्रार आहे त्याच नंबरावर. पहिल्या आठवड्यात मी साहेबांना विचारलं की साहेब, हा फोन बंद आहे म्हणूनच तर तक्रार आहे, मग तो उचलणार कोण? ते हसून म्हणाले, अरे शहाण्या, तू फोन लावलास ना? मग तुझं कर्तव्य झालं. सगळे हसले. मीही हसलो, ताई. नवीन होतो.

फॉर्मवर 'पर्यायी नंबर' असाही एक रकाना असतो. तू तो दर वेळी भरला आहेस, तुझ्या मोबाइलचा. तो माझ्या समोरच्या पडद्यावर दिसतो.

तुला आता कळलं असेल. तुझी पहिली तक्रार ऑक्टोबरात माझ्या यादीत आली. यादी पडद्यावर आपोआप येते, मी मागून घेतली नव्हती. पण नंबर वाचायचीही गरज पडली नाही, बोटांनीच लावला. पलीकडे नुसती खरखर आली आणि मला हायसं वाटलं, कारण लागला असता तर तू 'बोला' म्हणाली असतीस. तीनदा लावला, शेरा मारला, पुढचा नंबर घेतला. दुसऱ्या तक्रारीला पाच आठवडेही झाले नव्हते, पण यादी लवकर साफ करायची होती, म्हणून तीही तशीच मिटवली. जानेवारीत तिसरी. दर रविवारी तुझ्या मोबाइलवर आपण बोलायचो. तू म्हणायचीस, तुझ्या कंपनीची माणसं फिरकतच नाहीत रे, पण तू कुणाकडे शब्द टाकू नकोस, उगाच तुझ्यावर येईल. मी बरं म्हणायचो.

चौथी तक्रार तू १७ जानेवारीला केलीस. ती माझ्याच यादीत आहे आणि तिच्यासाठी मी अजून फोन लावलेला नाही. रोज संध्याकाळी ती तळाशी सरकवतो. शुक्रवारी, १४ तारखेला, छप्पन्न दिवस भरतात. गुरुवारी साहेब यादी तपासतात. ते लाव म्हणतील आणि मी लावणार नाही. ज्याच्या यादीतली तक्रार त्यालाच ती बंद करता येते. पुढे काय होईल ते तुलाही कळतं. माझ्या पोटावर पाय यायचाच असेल तर तो तुझा नसेल. इतके महिने मीच तुझ्या पोटावर उभा होतो.

एवढ्यासाठीच हे पत्र. सोबत योजनेचा अर्ज भरून पाठवतो आहे. खाली फक्त सही कर आणि शनिवारी टाक. शुक्रवारच्या आधी टाकलास तर मुदत भरली नाही म्हणून परत येईल. पहिल्या तीन तक्रारींचे शेरे माझ्या कर्मचारी क्रमांकासह जोडले आहेत, ते काढू नकोस. माझी दया येऊन अर्ज फाडलास, तर मी चौथ्यांदाही तेच केलं असा त्याचा अर्थ होईल. नंबर सोडू नकोस. कारखान्याला नाही म्हण. आणि निकाल लागेपर्यंत माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर बोलू नकोस.

अर्जात खर्चाचा रकाना आहे, तो असा भरला आहे:

बंद फोनचं तू भरलेलं बिल, दोन महिने: ४४०
कंपनीच्या तुमच्याकडच्या ऑफिसच्या चार फेऱ्या, बसभाडं: १४४
कंपनीकडून येणं: ५८४
गेलेलं काम: पुरावा नाही, म्हणून लिहिलं नाही
कंपनी तुझ्याकडे दाखवते ती बाकी, चार महिने: ८८०, अमान्य

अर्जात रकाना नसलेली एक रक्कम राहते. मिटवलेल्या प्रत्येक तक्रारीमागे आम्हाला पंचवीस मिळतात, पगारपत्रकात त्याला 'समाधान भत्ता' म्हणतात.

तुझ्या तीन तक्रारींचे मला मिळालेले: ७५

तुझाच,
बारक्या